ब्लूगिल-क्रॅपी माशांसाठी हलक्या रॉडवर कोणती लाइन (गळाचा दोरा)? तीन बंडलं वाया गेली

कृष्णाकाठ (मिनेसोटा)

मंडळी, नमस्कार. मिनियापोलिसच्या पश्चिमेला राहतो, मूळ गाव सांगलीजवळ. लहानपणी कृष्णेच्या घाटावर वेताची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), गळाला गांडूळ आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाच्या जागी तुटक्या स्लीपरचा तुकडा, एवढ्यावर भागायचं. इथं पोरीच्या हट्टापायी (वय ९) दोन वर्षांपूर्वी पुन्हा मासे धरायला सुरुवात केली. साडेपाच फुटी अल्ट्रालाइट रॉड, १००० साइजचं स्पिनिंग रील. बोट नाही, धक्क्यावरूनच टाकतो. मासे म्हणजे ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, नशीब असेल तर यलो पर्च. या सगळ्यांना मिळून इथं पॅनफिश म्हणतात, तव्यात अख्खे मावतात म्हणून.

अडचण लाइनची आहे. पहिलं बंडल सेलमधलं, ६ पौंडी (म्हणजे तेवढं वजन पेलणारी) मोनो, साधं एकपदरी नायलॉन. स्पूलवरून स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. १/३२ औंसाचं जिग (वजनाचं डोकं असलेला गळ), म्हणजे ग्रॅमभरसुद्धा नाही, ते पाचसहा मीटरवर धप्पकन पडतं. मग कुणीतरी सांगितलं की फ्लोरोकार्बन माशाला दिसत नाही. ६ पौंडी फ्लोरो भरली. आगीतून फुफाट्यात! ती तर तारच. तिसऱ्या खेपेला १० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा. पहिल्या दिवशी जिग असं गेलं की पोरगी टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि रीलवर पक्ष्याचं घरटं. सोडवायला पाऊण तास, शेवटी कात्रीच लावली. वर त्याच ब्रेडवर धक्क्याच्या कडेला आणलेल्या चार क्रॅपी वर उचलताना सुटून गेल्या.

एकाही वेळी लाइन तुटलेली नाही हे मुद्दाम सांगतो. म्हणजे ताकद कमी पडत नाही. मग चुकतंय काय?

तवाभर (मिशिगन)

शेवटच्या दोन वाक्यांत अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय. हाताएवढा ब्लूगिल पाव किलोही भरत नाही, त्याला ओढायला ६ पौंड कशाला हवेत? या मासेमारीत लाइन किती वजन पेलते हे शेवटी बघायचं. आधी ती मऊ किती, बारीक किती आणि ताणते किती ते बघायचं.

माझं अठरा वर्षांचं उत्तर: ४ पौंडी मऊ मोनो. ट्रायलीन नावाच्या लाइनमध्ये एक्सएल आणि एक्सटी असे दोन प्रकार येतात, त्यातली एक्सएल मऊ आणि एक्सटी चिवट. दुकानात लोक चिवट उचलतात, कारण चिवट म्हणजे चांगली असं वाटतं. आपल्या कामाला एक्सएल. दुसऱ्या कंपनीची घेतलीत तरी खोक्यावर मऊपणाचा उल्लेख आहे का ते बघा.

क्रॅपी का सुटल्या ते सांगतो. क्रॅपीचं तोंड म्हणजे पापुद्रा, इथले लोक तिला कागदतोंडीच म्हणतात. जबड्याच्या कडेची कातडी इतकी पातळ की उजेडात धरली तर आरपार दिसते. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे तुम्ही झटका दिलात की तो जसाच्या तसा त्या पापुद्र्यावर जातो, भोक मोठं होतं आणि गळ निसटतो. नायलॉन ताणतं, झटका मधेच विरतो. त्यात तुम्ही मासा लाइनला लोंबकळत धक्क्यावर घेताय. क्रॅपी असेल तर खाली लांब दांड्याची जाळी धरा. जाळी नाही तर मासा नाही.

फ्लोरोबद्दल. ती कमी दिसते हे खरं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास, म्हणून फ्लोरो पाण्यात जास्त मिसळून जाते. पण ती मुळात कडक आणि जड. १००० च्या स्पूलचा घेर लहान, त्यावर गुंडाळून आठवडाभर ठेवली की ती तो घेर लक्षात ठेवते. वापरायचीच तर २ किंवा ४ पौंडी, तीही खोल पाण्यात सरळ खाली जिग सोडताना. बूच लावून टाकत असाल तर नकोच. बूच आणि रॉड यांच्यामधली लाइन बुडते, खाली झोल पडतो, आणि बूच पाण्याखाली गेल्यावर तुम्ही झटका देता तेव्हा आधी तो झोल भरून निघतो. तोवर ब्लूगिल अळी थुंकून मोकळा.

सरळदोरा (ओहायो)

तवाभर यांच्याशी अर्धा सहमत. ब्रेडला उगाच बदनाम करू नका. १० पौंडी ब्रेडची जाडी साधारण २ पौंडी मोनोइतकी असते. पंधरा फूट खोल पाण्यात क्रॅपीने जिगला नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं, मोनोवर ते कळायला मासा शहाणा नसावा लागतो. टोकाला दुहेरी युनि गाठीने दोनेक मीटर ४ पौंडी मोनो जोडा, थोडा ताण तिथून मिळतो. स्पूलवर आधी थोडी मोनो गुंडाळून मग ब्रेड भरा, नाहीतर ब्रेड अख्खी स्पूलवर घसरते आणि ड्रॅग (माशाने ओढलं की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडलाय असं वाटत राहतं.

घरट्याचं कारण वजन. ग्रॅमभराचं जिग लाइन ताणून ठेवू शकत नाही, ढिले वेढे बसतात, पुढच्या फेकीला सगळे एकदम सुटतात. वाऱ्यात हलकं जिग आणि ब्रेड ही जोडी टाळा. मी स्वतः ब्रेड बोटीतूनच वापरतो, धक्क्यावरून नाही, हेही कबूल करतो.

भीमाकाठ (इंदापूर)

राम राम. ते ब्लूगिल आम्ही कधी बघितलं नाय, पण फोटो बघून आमच्या उजनी धरणातली चिलापी (तिलापिया) आठवली. तसंच चपटं अंग, तसंच गोल गोल फिरून ओढणं, पाठीवर काटे. फरक एवढाच की चिलापीचा ओठ जाड, सुटत नाय लवकर.

आमच्याकडं बिसलरीच्या बाटलीवर तंगूस गुंडाळून टाकणारी मंडळी आजही आहेत. बाटली हातात आडवी धरायची, बुडाकडून तंगूस सुटतो, तुमच्या स्पिनिंग रीलसारखाच. भिगवणच्या दुकानात पौंड-बिंड कोण विचारत नाय. ‘वीसचा द्या’ म्हणायचं, म्हणजे ०.२० एमएम. पंचवीसचा घेतला की हलकं वजन लांब जात नाय, हे पोरंठोरं पण सांगतील. तुम्ही सगळे पौंडात बोलताय म्हणून विचारतो. ज्या तीन लाइनी घेतल्या त्यांची जाडी किती होती? पाकिटावर ४ लिहून आत ८ ची ताकद आणि ८ ची जाडी, असा माल आमच्याकडं पण येतो.

कृष्णाकाठ (मिनेसोटा)

भीमाकाठ, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. मी कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर मायक्रोमीटर हातात. तरी घरची लाइन मोजावी हे डोक्यात आलं नाही!

आज जेवणाच्या सुट्टीत मोजली. नायलॉन दाबलं जातं, म्हणून रॅचेट हळू फिरवून, पाच ठिकाणी. सेलमधली ‘६ पौंडी’ मोनो: ०.२८ ते ०.३० मिमी. एकाच लाइनमध्ये दोन शतांशांचा फरक, आमच्याकडे असा माल परत गेला असता. फ्लोरो ०.२३. म्हणजे फ्लोरो बारीक असूनही कडक वाटत होती, तर तो मटेरियलचा गुण. ब्रेड मायक्रोमीटरमध्ये चपटी होते, तिचा आकडा खरा धरत नाही.

संध्याकाळी दुकानातून ४ पौंडी मऊ मोनो आणली, खोक्यावर जाडी बघून. ०.२० भरली. घराच्या मागे गवतावर त्याच जिगने दहा-दहा फेकी टाकून पावलांनी मोजल्या. जुनी सरासरी ९ पावलं, नवीन १६.

एक शंका उरलीच. दोन तास पोरीने वापरली आणि नवीन लाइनलाही पीळ बसला. टोक ढिलं सोडलं की लाइन स्वतःभोवती गुंडाळते, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी. आम्ही फिरणारी स्पिनरची पाती वापरत नाही, फक्त जिग आणि बूच. मग पीळ येतो कुठून?

तवाभर (मिशिगन)

पोरगी मासा लागला की काय करते? ड्रॅग करकरत असताना हँडल फिरवत राहते ना?

तिथंच पीळ आहे. ड्रॅगमधून लाइन बाहेर जात असेल तेव्हा हँडल फिरवून लाइन आत येत नाही, नुसता रोटर (रीलचा फिरणारा भाग) स्पूलभोवती फिरून लाइनला पीळ घालतो. रीलवर ५.०:१ लिहिलं असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ. एका ब्लूगिलवर वीस वेळा फिरवलं की शंभर झाले. पोरीला एवढंच शिकवा: करकर ऐकू आली की हात थांबव, मासा थांबला की फिरव. आणि ड्रॅग जरा घट्ट करा. पोरीच्या हातात आहे म्हणून तुम्ही अगदी सैल ठेवला असणार. मासे तोलायच्या वजनकाट्याला लाइन बांधून ओढा, ४ पौंडीला पौंडभराच्या आसपास सुटायला लागली की पुरे.

दुसरं, फेकल्यावर तारेची कमान हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही, आणि मग लाइन एकदा चिमटीत धरून ताणून घ्यायची. ढिला वेढा तिथंच निघतो.

तिसरं, नवीन लाइन भरताना बंडल जमिनीवर आडवं, लेबल वर. पंधरा फेरे घालून थांबा, लाइन सैल सोडा. वळ्या पडल्या तर बंडल उलटं करा. स्पूल काठापर्यंत गच्च भरू नका, तीनेक मिलिमीटर मोकळे ठेवा. फार कमी भरली तर काठाला घासून फेक मरते.

आता बसलेला पीळ काढायचा असेल तर जिग कापा, मोकळं टोक पटांगणात सोडून पन्नासेक मीटर चालत जा, गवतावरून ओढत आणा. बोटवाले हेच पाण्यात बोटीमागे करतात.

गाठ मारताना थुंकी लावून ओली करा, कोरड्या नायलॉनची गाठ ओढताना घासून तापते आणि तिथंच कमकुवत होते. जिगच्या डोळ्यात रंग भरलेला असतो तो सुईने काढा, त्याची धार लाइन कापते. दर चारपाच माशांनी शेवटचा हातभर तुकडा नखातून ओढून बघा, खरखरीत लागला की कापा. तुमच्या बाजूच्या तळ्यांत झेब्रा शिंपले आहेत का? धक्क्याच्या खांबावर चिकटलेले असले तर ब्लेडच समजा.

कृष्णाकाठ (मिनेसोटा)

आहेत. मिनेटोंका तळ्यात झेब्रा शिंपले २०१० मध्ये सापडले, आमचा धक्का तिथलाच. वर मिलफॉइलचं पाणगवत.

शनिवारी सकाळी गेलो होतो. ‘करकर आली की हात थांबव’ हे पोरीने असं मनावर घेतलं की ड्रॅग वाजला की ती पुतळ्यासारखी उभी, मासा थांबला तरी उभीच. दहा-बारा ब्लूगिल, पैकी पाच तव्याएवढे ठेवले, बाकी सोडले. पीळ नाही. लाइन जशी गेली तशी आली.

क्रॅपीचंही एक कळलं. ती खालून वर येऊन गिळते, त्यामुळे बूच बुडत नाही, उलट आडवं पडतं आणि लाइन सैल होते. मी दोन वर्षं बूच बुडायची वाट बघत बसलो होतो. हे मला नाही, पोरीला आधी दिसलं. पिवळी लाइन घेतल्याचा फायदा. जाळी धरली, दोन्ही क्रॅपी वर आल्या.

शेवटी पाइकने (मोठ्या, धारदार दातांच्या माशाने) घोटाळा केला. हाताला नुसता हिसका, लाइन सुरीने कापल्यासारखी. जिग, बूच, सगळं गेलं. पाइकसाठी स्टीलची तार लावू का असं विचारणार होतो, पण मग ब्लूगिल त्या जिगकडे ढुंकूनही बघणार नाहीत हे माझं मलाच पटलं. जिग काय, स्वस्तातलंच. जाऊ दे.

संध्याकाळी पाचही रव्यात घोळून तळले. बायकोचं म्हणणं, चव चांगली पण काटे निवडण्यात जेवण थंड होतं.

भीमाकाठ, डिसेंबरात सांगलीला येतोय. १/३२ चे जिग तुमच्याकडे मिळत नसतील तर पन्नासेक आणतो, शिशाचे नाही, टंगस्टनचे. चिलापी घेते का बघू. फक्त तेव्हा ‘वीसचा’ तंगूस भिगवणच्या दुकानातूनच घ्यायचा, आणि मोजायला मायक्रोमीटर मी आणणार.

भीमाकाठ (इंदापूर)

या. बाटली मी देतो.