पोटरी सारखी उडतेय, एमएनडी तर नसेल ना?

कोथरूडचा_निशाचर
नमस्कार मंडळी, वय ३४, आयटीत आहे, नाइट शिफ्ट. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या पोटरीत आतल्या आत फडफडायला लागलं, दुखत नाही, वांब येत नाही, नुसतं उडतं, पाण्याखाली मासोळी वळावी तसं कातडीखाली दिसतं, व्हिडिओ पण काढून इथे टाकलाय. आधी लक्षच दिलं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली पुरुषाचा उजवा डोळा लवला तर चांगलं असतं, पोटरीचं काय ते तिलाही माहीत नाही. मग एका रात्री दीड वाजता दोन कॉलच्या मधे गुगल केलं आणि तिथेच माती खाल्ली. वरच्या चार ओळींतच एएलएस, मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी), म्हणजे मज्जातंतू मरत जाऊन स्नायूंची ताकद जाते तो आजार. स्टीफन हॉकिंगला २१व्या वर्षी निदान झालं होतं म्हणे, म्हणजे ३४ काही लहान नाही. त्यानंतर दोन दिवसांत मांडी, दंड, पापणी, अंगठ्याजवळचं मांस, सगळीकडे उडायला लागलं.
आता रोजचा कार्यक्रम ऐका. उठलं की टाचांवर चालून बघतो, मग चवड्यांवर, मग एका पायावर दहा उड्या, खालच्या मजल्यावरच्या काकांनी परवा विचारलं की घरात जिम टाकलीय का. आरशासमोर जीभ बाहेर काढून बघतो तर ती पण थरथरते. बायकोच्या शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन पोटऱ्या मोजल्या, उजवी ३७, डावी ३६.५, त्या अर्ध्या सेंटीमीटरपायी अख्खी रात्र गेली. डॉक्टरकडे जायचंय पण ते "हो" म्हणाले तर, म्हणून जात नाहीये. थेट न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन ईएमजी (स्नायूत सुई घालून करतात ती टेस्ट) करून घेऊ का? कोणाला असं झालंय का इथे?

चहाबाज
भावा तू माझीच २०१९ची डायरी लिहिलीयस, फक्त माझ्याकडे टेपऐवजी बायकोच्या जिममधलं हँडग्रिप होतं. दिवसाला सात कप चहा, झोप चार तास, ऑफिसात अप्रेझलचा राडा, आणि तळपायापासून भुवईपर्यंत सगळं उडत होतं. जिभेचं एक लगेच सांगतो कारण त्यात मी पंधरा दिवस घालवलेत. बाहेर काढून ताणलेली जीभ कोणाचीही थरथरते, डॉक्टर बघतात ती तोंडाच्या आत सैल पडलेली असताना. आणि पोटऱ्या कोणाच्याच सारख्या नसतात रे, ज्या पायावर जास्त जोर देतोस तो थोडा जाड असणारच.
मला न्यूरोने तपासून बिनाइन फॅसिक्युलेशन असं नाव सांगितलं, म्हणजे त्रास देणारी पण निरुपद्रवी फडफड. ती अजून आहे. क्रिकेट खेळून आलो किंवा रात्र जागलो की पोटरी दुसऱ्या दिवशी तबला वाजवते. फरक एवढाच की आता मी तिच्याकडे बघत बसत नाही.

सुई_आणि_स्पीकर
मी ईएमजी लॅबमधे टेक्निशियन आहे, निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरच करतात, पण तुमच्यासारखे लोक रोज बघते म्हणून लिहिते. फडफड का होते तर मज्जातंतूचं टोक मधेच आपणहून एक ठिणगी टाकतं आणि त्याच्या हाताखालचे तेवढेच स्नायूतंतू आकुंचन पावतात. चहा-कॉफी, जागरण, टेन्शन, भरपूर व्यायाम, थायरॉइड, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी होणं, दम्याचा पंप, याने धडधाकट माणसाचंही होतं. एमएनडीमधे मात्र मज्जातंतूच मरत जातात, स्नायूचा सप्लाय तुटतो, म्हणून तिथे मुख्य गोष्ट ताकद जाणं ही आहे, फडफड तिच्या जोडीला असते. बऱ्याच जणांना "अशक्त वाटणं" आणि "काम न होणं" यातला फरक कळत नाही. तुम्ही एका पायावर दहा उड्या मारताय दादा.
ईएमजीत बारीक सुई स्नायूत घालतात आणि स्पीकर लावलेला असतो. निरोगी स्नायू सैल सोडला की स्पीकर गप्प असतो. सप्लाय तुटलेल्या स्नायूतून पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. पण टेस्ट स्वतःहून करून घेऊ नका, आधी डॉक्टरांनी ताकद आणि रिफ्लेक्स तपासायला हवेत, कोणत्या स्नायूत सुई घालायची ते त्यावरून ठरतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३मधे एक अभ्यास छापला होता, अशी नुसती फडफड असलेले १२१ पेशंट, २ ते ३२ वर्षं फॉलोअप, एकालाही एएलएस झाला नाही. आमचे सर भेदरलेल्या पेशंटला हा आकडा हमखास ऐकवतात, आणि गंमत म्हणजे ही भीती घेऊन येणाऱ्यांत डॉक्टर मंडळी पण असतात.

देशी_उपाय
मॅग्नेशियमच्या गोळ्या चालू करा, आठ दिवसात बंद होईल, मेडिकलवाला देतो.

सुई_आणि_स्पीकर
@देशी_उपाय असं नका सांगू हो. किडनीचा त्रास असलेल्याने मनाने मॅग्नेशियम घेतलं तर महागात पडतं. आधी रक्त तपासा.

सांगलीची_लेक
लिहू की नको असा विचार करत होते, कारण माझ्या बाबांना हाच आजार होता, पण कदाचित उपयोग होईल. बाबा ६१चे होते. सुरुवात कशी झाली माहितीये का, चालताना त्यांची उजवी चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचं नाही, दहा पावलं पुढे गेल्यावर आई हाक मारायची अहो चप्पल मागे राहिली. आम्ही हसायचो. दोन वेळा नवीन चप्पल आणली. मग कपाटाची किल्ली फिरवताना दोन्ही हात लावायला लागले, शर्टाची गळ्याजवळची गुंडी लागेना, आणि तोपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला होता. फडफड त्यांच्या दंडावर पण होती, बनियनवर बसले की लांबून दिसायची, पण ती आम्ही त्यांना दाखवली, त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. तुम्ही लिहिलंय त्यात मला ना चप्पल दिसली ना किल्ली. बोलताना शब्द जड येणं, पाणी पिताना सारखा ठसका लागणं, पाऊल घासत चालणं, असलं काही दिसलं तर एक दिवस थांबू नका, पण व्हिडिओतली पोटरी बघून मला बाबा आठवले नाहीत हे मनापासून सांगते. आणि "हो म्हणाले तर" म्हणून न जाणं सोडा. आम्ही आठ महिने चप्पल बदलत बसलो.

कोथरूडचा_निशाचर
अपडेट देतो, जरा उशीर झाला. @सांगलीची_लेक ताई तुमचं वाचून त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरकडे गेलो. त्यांनी हातोडी मारली, पाय ढकलायला लावले, हाताची बोटं फाकवून धरायला लावली, आणि माझ्या टेपचं ऐकून एवढे हसले की बाहेरची नर्स आत आली. रिपोर्टमधे बी१२ १४२ आलंय, आम्ही घरात पूर्ण शाकाहारी, तर इंजेक्शन चालू केलीत, पण ते स्पष्ट म्हणाले की फडफड यानेच होतेय असं मी म्हणत नाही, कमी आहे म्हणून भरून काढायचं. माझ्या समाधानासाठी न्यूरोकडे पण पाठवलं. त्यांनी वीस मिनिटं तपासलं, उघड्या पायाकडे नुसतं बघत बसले होते तेव्हा माझा जीव घशात, आणि नेमकी तेव्हा पोटरी उडेना, मीच म्हटलं थांबा सर येईल. ताकद नॉर्मल, रिफ्लेक्स नॉर्मल, ईएमजीची गरज नाही म्हणाले, तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय, चहा दोन कपांवर आणि शिफ्ट बदलता आली तर बघा.
एवढं असून पहिल्या रात्री मी "न्यूरोलॉजिस्ट चुकू शकतो का" हे गुगल केलंच. खोटं कशाला बोलू. आत्ता टाइप करतानाही उडतेय. टाचांवर चालणं बंद केलंय, उड्या आठवड्यातून एकदा. टेप शिलाईच्या डब्यात नाहीये, बायको कुठे ठेवलीय सांगत नाही.