प्रायव्हेट फायनल लिस्ट गेटरमधून दिली तर सिक्युरिटीचा काय प्रॉब्लेम?

कांदेपोहे_कोडर:
जावा १७, स्प्रिंग बूट. बिल्डमध्ये स्पॉटबग्स (कोडमधल्या चुका शोधणारं टूल) लावल्यापासून शंभरदा तीच वॉर्निंग येतेय, ईआय_एक्स्पोज_रेप, म्हणजे क्लासच्या आतली वस्तू बाहेर उघडी पडतेय. युजर क्लासमध्ये रोल्सची लिस्ट आहे, प्रायव्हेट आहे, फायनल पण आहे, सेटर (बदलणारी मेथड) ठेवलाच नाहीये, फक्त गेटर (वाचायला देणारी). मग बाहेरचा कोण काय बदलणार? टीममधले म्हणतात सप्रेस कर आणि पुढे चल. पण वॉर्निंगच्या नावाखाली 'मॅलिशियस कोड' असं लिहून येतं म्हणून जरा बिचकलोय. खरंच धोका आहे की टूल उगाच घाबरवतंय?

घाटावरचा:
फायनल म्हणजे त्या व्हेरिएबलला दुसरी लिस्ट चिकटवता येणार नाही, एवढंच. लिस्टच्या आत काय चाललंय त्याच्याशी फायनलला देणंघेणं नाही. गेटरने तू तीच लिस्ट हातात दिलीस की समोरचा गेटरोल्स() वर ॲड() मारून "ॲडमिन" टाकू शकतो, सेटर लागतच नाही. आपण कोणाला मूळ सातबारा देतो का, झेरॉक्स देतो ना, तसंच हे.

आणि हे नुसतं पुस्तकी नाहीये. १९९७ मध्ये जेडीके (जावाचं किट) १.१.१ मध्ये क्लास डॉट गेटसाइनर्स() नावाची मेथड कोणाकोणाची सही आहे त्याचा ॲरे परत द्यायची, पण कॉपी नाही, आतला खराखुरा ॲरेच! प्रिन्स्टनच्या लोकांनी ते पकडलं. ॲप्लेट (वेबपेजवरून येऊन ब्राउझरमध्ये चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम) तो ॲरे घेऊन त्यात विश्वासातल्या कोणाची तरी सही बसवायचा आणि सिस्टीमला वाटायचं की हा तर आपलाच माणूस, मग सँडबॉक्स (परक्या कोडभोवतीचं कुंपण) गेला उडत. १.१.२ मध्ये ते बुजवलं, ॲरेची कॉपी परत द्यायला लागले. एवढं मोठं भोक, आणि उपाय एका क्लोनचा.

नळावरची_रांग:
इतिहास छान आहे पण दादा, आता ॲप्लेट कुठे राहिलेत? सिक्युरिटी मॅनेजर (परक्या कोडवर पहारा ठेवणारा) जावा १७ मध्येच डेप्रिकेट झाला आणि २४ मध्ये तर कायमचा बंद. ह्यांच्या जेव्हीएममध्ये (जावा जिथे चालतं तिथे) सगळा कोड ह्यांचाच, परका कोण येणार आहे? माझ्या मते निम्म्याहून जास्त वॉर्निंग कचरा असतात, डीटीओमध्ये (नुसता डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या क्लासमध्ये) कॉपी करत बसायचं म्हणजे वेळ घालवणं. आणि हायबरनेटच्या (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या लायब्ररीच्या) एंटिटीत तर जपूनच, तिथे सेटरमध्ये कॉपी करून कलेक्शन बदललंस आणि ऑर्फन रिमूव्हल (कलेक्शनमधून काढलेलं डेटाबेसमधूनही पुसणं) चालू असेल तर तो डेटाबेसमध्ये लिहिताना एक्सेप्शन फेकतो.

घाटावरचा:
डीटीओचं आणि हायबरनेटचं मान्य. पण "परका कोण येणार" हे नाही पटलं, कारण सर्व्हरवर परका कोड नसला तरी परक्याची रिक्वेस्ट असतेच ना. समज, कॉन्फिगच्या बीनमध्ये (स्प्रिंगने बनवलेल्या ऑब्जेक्टमध्ये) डिफॉल्ट रोल्सची एक लिस्ट आहे, बीन सिंगलटन, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, आणि प्रत्येक नवीन युजरला तीच लिस्ट दिली जाते. मग कोणीतरी सहा महिन्यांनी एका युजरला बढती द्यायला युजर डॉट गेटरोल्स() वर ॲड मारतो, त्याच्या टेस्ट पास होतात, आणि त्या क्षणापासून ती लिस्ट धरून बसलेले सगळे युजर ॲडमिन! हॅकर लागलाच नाही. लॉगमध्ये पण काही दिसत नाही, सर्व्हर रीस्टार्ट केला की गायब. असला बग शोधून दाखव.

म्हणून @कांदेपोहे_कोडर, सरसकट सप्रेस नको आणि सरसकट कॉपीपण नको. ज्या ऑब्जेक्टवरून कोणाला आत घ्यायचं ते ठरतं, म्हणजे रोल्स, परवानग्या, व्हाइटलिस्ट, टोकनची मुदत, तिथे आधी बघ.

सेमीकोलन_सावंत:
एक राहिलं. आत घेतानाही कॉपी लागते, नुसती देताना नाही. आणि क्रम महत्त्वाचा, आधी कॉपी करायची आणि मग त्या कॉपीवर तपासणी. उलटं केलं तर तपासणी झाल्यावर आणि कॉपी होण्याआधी दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारं दुसरं काम) मूळ वस्तू बदलून मोकळा. डेट असेल तर जास्त भानगड, डेट फायनल क्लास नाही, त्यामुळे समोरचा स्वतःचा सबक्लास पाठवू शकतो आणि क्लोन() त्याच्या मर्जीने चालतं. परक्याकडून आलेल्या डेटवर क्लोन मारू नये, गेटटाइम() घेऊन नवीन डेट बनवायची. किंवा सरळ इन्स्टंट (वेळेचाच दुसरा क्लास) वापर, तो बदलतच नाही, विषय मिटला.

कांदेपोहे_कोडर:
भारी, कळलं. मग कलेक्शन्स डॉट अनमॉडिफायेबललिस्ट लावली तर चालेल ना? आणि क्लासऐवजी रेकॉर्ड (जावाचा तयार डेटा-क्लास) केला तर आपोआप सुटेल का? दर वेळी कॉपी म्हणजे स्लो होणार अशी ओरड आमच्याकडे नक्की होणार.

सेमीकोलन_सावंत:
अनमॉडिफायेबल म्हणजे फक्त काच लावली, समोरचा त्यातून बदलू शकत नाही पण मूळ लिस्ट ज्याच्या हातात आहे त्याने ती बदलली की काचेतूनही बदललेलंच दिसणार. गेटरमध्ये चालेल, कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना लिस्ट आत घेतो तिथे) नाही. तिथे लिस्ट डॉट कॉपीऑफ, जावा १० पासून आहे. एकदा आत तशी ठेवलीस की गेटरमधून तीच बिनधास्त दे, पुन्हा कॉपी नको, आणि आलेली लिस्ट आधीच तशी असेल तर कॉपीऑफ सहसा नवीन बनवतही नाही, त्यामुळे स्लोची ओरड करणाऱ्याला प्रोफायलर दाखवायला सांग. फक्त लिस्टमध्ये नल (रिकामी जागा) असेल तर एक्सेप्शन देऊन आपटेल. रेकॉर्ड आपोआप काही करत नाही, आतली लिस्ट तशीच उघडी राहते, कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये कॉपीऑफ तुलाच लिहावं लागेल.

नळावरची_रांग:
आणि लिस्टमधले ऑब्जेक्ट स्वतः बदलता येणारे असतील तर कॉपीऑफने ते काही गोठत नाहीत हे पण सांगा त्याला. रोल्स एनम (आधीच ठरलेल्या किमती) असतील तर प्रश्न नाही, स्ट्रिंग असतील तरी नाही. तुझ्याकडे काय आहेत?

कांदेपोहे_कोडर:
रोल नावाचा क्लास आहे. सेटरसकट. लॉम्बॉकचं @डेटा (गेटर-सेटर आपोआप बनवणारं) लावलंय वरती 😐