थिसिस सबमिट केला असेल तर थांबू नका

वर एकांनी लिहिलंय की बायोमेडिकलमधल्या पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी) पुणे-बंगळूर गाठायलाच लागतं आणि पीएचडीची डिग्री हातात येईपर्यंत गप्प बसायचं. पहिलं थोडंफार पटतं, कोल्हापुरात कसबा बावड्यात नाहीतर शिवाजी विद्यापीठात पोस्टडॉकच्या जागा काय रोज निघत नाहीत. पण दुसरं अजिबात नाही. एएनआरएफ (आधीचं एसईआरबी) या संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या नॅशनल पोस्टडॉक फेलोशिपला थिसिस सबमिट केलेल्यांनाही अर्ज करता येतो, फक्त डिग्री मिळेपर्यंत फेलोशिप कमी मिळते. वयाची अट ३५, मुलींना आणि राखीव प्रवर्गाला ५ वर्षं जास्त, त्यामुळं वाट बघण्यात वर्ष घालवू नका, खरंच.

आणि या फेलोशिपसाठी एखाद्या लॅबमधल्या जागेच्या जाहिरातीची वाट बघायची नसते, गाईड आपणच शोधायचा, म्हणजे कोल्हापुरातलाही चालतो. फक्त हो म्हणायच्या आधी लॅब स्वतः जाऊन बघा, नमुने ठेवायचा उणे ८० अंशांचा फ्रीजर जनरेटरवर आहे का, उंदरांवर काम असेल तर अॅनिमल हाऊसची (प्राणी ठेवायच्या जागेची) नोंदणी आहे का आणि प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मीटिंग कधी होते. फेलोशिप २ वर्षांचीच असते, माझ्या एका मैत्रिणीचे त्यातले कितीतरी महिने नुसत्या या कमिटीच्या मंजुरीची वाट बघण्यात गेले.