कमी ऐकू येणाऱ्या मुलाला गावची शाळा नाकारू शकते का?

प्रश्न (चोपडा तालुका): मुलगा ७ वर्षांचा, दिव्यांगत्वाचा दाखला ५५ टक्क्यांचा. शाळा म्हणते, "जळगावला मूकबधिर शाळेत टाका." पण तो आजोबांचे ओठ बघून सगळं समजतो हो. काय करू?

उत्तर: ताई, अमळनेरचा निवृत्त शिक्षक आहे मी. शाळेला नाही म्हणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ वाचा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती मुलाची, मुख्याध्यापकांची नव्हे! दिव्यांग मुलांना साध्या शाळेत शिकवायची १९७४ ची एकात्मिक शिक्षण योजना ही नुसती योजना होती. १९९५ च्या कायद्याने सरकारवर जबाबदारी टाकली. त्याआधी पोलिओ झालेली माझी एक हुशार विद्यार्थिनी पायऱ्यांमुळे घरी बसली. दाखवायला कायदाच नव्हता. तुमच्याकडे आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा. मग गटशिक्षणाधिकारी.

उत्तर २: पंचायत समितीत समग्र शिक्षाचे (सरकारची शालेय शिक्षणाची योजना) विशेष शिक्षकही भेटतील. मुलाला पहिल्या बाकावर बसवायला सांगा, फळ्याकडे तोंड करून शिकवू नका म्हणावं.

प्रश्नकर्ती: सर, सोमवारीच अर्ज देते. पुढे परीक्षेचं कसं?

उत्तर: त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं आहे ताई.