मदत हवी आहे : मेटियामाइड का सोडून द्यावे लागले?

धागाकर्ती : मेटियामाइड या जठरातील आम्ल कमी करणाऱ्या औषधावरील काम थांबवण्याचे नेमके कारण मला आजच हवे आहे. सगळीकडे ‘रक्तावरील दुष्परिणाम’ एवढेच लिहिलेले आढळते आणि तेवढ्याने माझे भागत नाही.

प्रयोगवही : आपण स्वतः रुग्ण आहात की अभ्यासक? हे औषध चाचण्यांपुढे गेलेच नाही, ते बाजारातही आले नाही. त्यामुळे कोणी ते घेत असेल अशी शक्यता नाही.

आम्लशत्रू : मेटियामाइडपेक्षा टिमोप्राझोल या दुसऱ्या आम्लरोधक संयुगाविषयी वाचा. ते थेट जठरपेशींतला आम्ल सोडणारा पंपच बंद करत असे, परंतु थायरॉइडच्या आयोडीन-ग्रहणात अडथळा आणत असल्याने मागे पडले आणि त्याच वाटेवर पुढे ओमेप्राझोल हे औषध सापडले.

धागाकर्ती : टिमोप्राझोलविषयी मी विचारलेले नाही. उद्या औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवायचे आहे, हे आधीच सांगायला हवे होते. रेणूचा कोणता भाग दोषी ठरला, एवढेच सांगा.

रेणूवेडा : सल्फर! तो काढला आणि प्रश्न सुटला.

प्रयोगवही : असे शिकवू नका, कारण मेटियामाइडच्या जागी आलेल्या सिमेटिडीन या औषधातही सल्फर आहे. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या गटाने 1972 मध्ये मांडलेले आधीचे संयुग ब्युरिमामाइड तोंडावाटे नीट शोषले जात नसे. मेटियामाइडने ती अडचण दूर केली, त्याने पोटातील व्रणही भरून येऊ लागले. पण काही थोड्या रुग्णांच्या रक्तातील ग्रॅन्युलोसाइट पेशी धोकादायक प्रमाणात घटल्या. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या या पेशी कमी होणे म्हणजे साधा ताप जिवावर बेतणे. मेटियामाइडमध्ये सल्फरचे दोन अणू आहेत : एक साखळीत, दुसरा थायोयुरिया गटात (कार्बनला एक सल्फर आणि दोन नायट्रोजन जोडलेला गट). संशय दुसऱ्यावर होता.

रेणूवेडा : मग तिथे सरळ ग्वानिडीन, म्हणजे सल्फरच्या जागी नायट्रोजन असलेला तसाच गट, का बसवला नाही?

प्रयोगवही : बसवून पाहिले होते, परंतु ते फार अल्कधर्मी असल्याने शरीरात जवळजवळ पूर्णपणे प्रभारित राहते आणि परिणाम कमी पडतो. त्यातल्या नायट्रोजनला सायनो गट (कार्बन-नायट्रोजनची जोडी) जोडल्यावर अल्कधर्मीपणा उतरला. तेच सिमेटिडीन, जे 1976 मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले.

आम्लशत्रू : तरीही पंपरोधक अधिक प्रभावी आहेत.

धागाकर्ती : प्रयोगवही, मनापासून आभार. मेटियामाइड आणि सिमेटिडीन या दोन्ही रचना फळ्यावर शेजारी शेजारी काढीन, साखळीतला सल्फर तसाच ठेवीन आणि फक्त थायोयुरियातल्या सल्फरभोवती लाल खडूने वर्तुळ काढीन.