प्रबोधनकालीन फ्लॉरेन्समध्ये धर्म मागे पडला होता का?

प्रश्न : शालेय पुस्तकांत प्रबोधनकाळाची ओळख ‘देवाकडून माणसाकडे’ अशी करून दिली जाते; पण त्या काळातील चित्रे पाहावीत तर बहुतेक येशू, मेरी आणि संतांचीच. विद्वानांचे सोडून द्या, पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याच्या किंवा कारागिराच्या आयुष्यात धर्माला कितपत स्थान होते, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ : जन्मापासूनच होते. शहरातील मुलांचा बाप्तिस्मा संत जॉनच्या एकाच बाप्तिस्मागृहात होई. चौदाव्या शतकातील इतिहासकार व्हिलानी सांगतो, की तिथला धर्मगुरू मुलग्यासाठी काळा आणि मुलीसाठी पांढरा कडधान्याचा दाणा टाकत असे, आणि त्यावरून वर्षभरातील जन्म मोजले जात. नवे वर्षदेखील मेरीला देवदूताने शुभवार्ता दिल्याच्या सणाला, म्हणजे २५ मार्चला सुरू होई.

प्रतिसाद २ : मला हिशेबाच्या वह्या अधिक बोलक्या वाटतात. जवळच्या प्रातोचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी आपल्या वह्यांवर ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’ असे लिहीत असे. व्याज घेणे चर्चच्या लेखी पाप, आणि फ्लॉरेन्सची भरभराट तर पेढ्यांवर उभी. या पेचामुळे दानधर्माला मोठीच चालना मिळाली. १४१० मध्ये वारलेल्या दातिनीने आपली संपत्ती प्रातोच्या गोरगरिबांसाठी ठेवली. फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी पेढीवाल्या घराण्यातील कोझिमो मेदिचीने पोप यूजीन चौथा याच्या सल्ल्यावरून संत मार्कचा मठ स्वखर्चाने नव्याने बांधून दिला, तो मन खाणाऱ्या कमाईचे परिमार्जन म्हणून, असे त्याला ओळखणाऱ्या वेस्पासियानोने नोंदवले आहे. चित्रकार साधू फ्रा अँजेलिकोची भित्तिचित्रे आहेत ती याच मठात.

प्रतिसाद ३ : मात्र श्रद्धा म्हणजे धर्मगुरूंचा धाक, असे समजू नये. २६ एप्रिल १४७८ रोजी त्याच घराण्यातील लोरेन्झो आणि ज्युलियानो या मेदिची बंधूंवर हल्ला झाला तो कॅथीड्रलमध्ये, मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चालू असताना. आणि कटात सामील असलेल्या पिसाच्या आर्चबिशपला लोकांनी सरकारवाड्याच्या खिडकीतून फासावर लटकवले. ज्युलियानो मारला गेला, लोरेन्झो बचावला. मग त्याच्या आप्तेष्टांनी नवस फेडावा तसे त्याचे पुरुषभर उंचीचे मेणाचे पुतळे चर्चमध्ये उभारले. त्यांपैकी एकाला तर त्याने जखमी अवस्थेत घातलेले कपडेच चढवले होते.

प्रश्नकर्ता : हे पुतळे आज पाहायला मिळतात का?

प्रतिसाद ३ : नाही, ते टिकले नाहीत. त्यांचे वर्णन सोळाव्या शतकातील चित्रकार-लेखक वासारी याच्या कलावंतचरित्रांत, शिल्पकार वेरोक्योवरील प्रकरणात सापडेल.