पोरांना पूर शिकवायचा कुठे? वर्गात की जयंती नाल्याकाठी?

पंचगंगाकाठ:
कोल्हापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला शिकवतो. आपत्तीला तोंड देणारी शहरं, शाश्वत विकास वगैरे विषय ऐच्छिक आहे. स्लाइडवर रॉटरडॅम, सिंगापूर. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलेलं! पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. तेव्हा पाणी ५५ च्या वर गेलं. किती फुटांना गाठोडं बांधायचं हे गल्लीतली आज्जी बिनचूक सांगते. नातू बी.ई. होणार, पण बंधाऱ्यावरचे फूट आणि स्वतःच्या उंबऱ्याची उंची यांचा मेळ त्याला घालता येत नाही. माझं मत: विषय सगळ्या शाखांना सक्तीचा करा आणि निम्मे मार्क भिंतींवरच्या पुराच्या खुणा लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) मोजून नकाशावर आणण्याला द्या.

साइटवरचा:
सर, राग मानू नका, पण अडलंय ते ज्ञानापाशी नाही. मुंबईच्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिमी, ती ५० करा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तोवर बारा वर्षं गेली होती. (एवढ्या पावसाला ५० ची क्षमताही पुरली नसती, ते सोडा.) अहवाल लिहिणारे अडाणी नव्हते. निळी रेषा, लाल रेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या पूररेषा) लेआउट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पहिल्या नोकरीत ओढ्यालगतच्या प्लॉटवर मी शेरा मारला होता, ‘भरावामुळे पाणी समोरच्या वस्तीत जाईल.’ सही दुसऱ्याने केली. भराव झाला. पोरांना असा शेरा मारून नोकरी कशी टिकवायची ते शिकवा.

कोडवाली:
सगळ्या शाखांना कशाला? आम्हाला पर्यावरण सक्तीचं आहेच. सीनियरचं जर्नल उतरवायचं, सही घ्यायची. सक्ती केलीत की तुमच्या पूररेषेचंही तेच होणार.

पंचगंगाकाठ:
@कोडवाली, जर्नलचं मान्य. सक्ती फक्त सिव्हिलला, चालेल. @साइटवरचा, किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, दोन्हींना बांधून ठेवणारं काही नाही. तिथं कुणाचा शेरा दाबला नव्हता. कुणाला माहीतच नव्हतं.

साइटवरचा:
बरोबर, पण ती घरं इंजिनिअरने कुठं बांधली होती? गवंड्याने बांधली. मग गवंड्याला शिकवा की!

पंचगंगाकाठ:
शिकवेन. पण गवंड्यासमोर उभं राहायला आधी पोराला घमेलं धरता आलं पाहिजे. म्हणूनच म्हणतो, बाहेर काढा त्यांना.

कृष्णाकाठचा:
सांगलीहून. सर, एक दुरुस्ती. पुराचं पाणी सपाट नसतं, त्याला उतार असतो. बंधाऱ्यावरचे फूट थेट गल्लीत लावाल तर पोरं चुकतील. खुणा नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला आणि नाल्यातून पाणी उलटं येतं तिथं, अशा वेगवेगळ्या घ्याव्या लागतील. घरमालकांना विचारून घ्या. २०२१ च्या पुरानंतर बऱ्याच जणांनी रंग दिलाय, खुणा त्याखाली गेल्या.

पंचगंगाकाठ:
उताराचं सांगितलंत ते बरं झालं, मी सोपं करून बोललो. रविवारी शाहूपुरी कुंभार गल्लीपासून सुरुवात करतोय, सात पोरं तयार आहेत.

कोडवाली:
नकाशा ऑनलाइन टाकायचा असेल तर मी येते. मार्क नकोत.

साइटवरचा:
डम्पी लेव्हल कॉलेज बाहेर नेऊ देतं का? आमच्या वेळी कपाटात कुलूपबंद असायची. नसेल देत तर माझी घेऊन येतो.